न थांबणारा पंखा

जुलैतला रविवार. पुण्यात रात्रभर पाऊस पडून गेला होता. आमची गाडी तीन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती, म्हणजे इंजिन बाहेरच्या हवेइतकंच गार. मी किल्ली फिरवली आणि सेल्फ मारायच्या आधीच बॉनेटखालून घरघर सुरू झाली. रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता.

"बाबा, हा कधीपासून असा चालतोय?"

"झाले असतील पंधरा दिवस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"अरे, चालू आहे ना? बंद पडला असता तर सांगितलं असतं."

या उत्तरावर मी हसलो. पण ते उत्तर दिवसभर डोक्यातून जाईना. बाबांनी बावीस वर्षं दादर–पुणे टॅक्सी चालवली. त्यांच्या गाडीत पंखा सतत फिरणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण होतं आणि तो थांबणं हा बिघाड. आमच्या आत्ताच्या गाडीत नेमकं उलट. एकाच घरातली दोन माणसं एकच आवाज ऐकत होती आणि दोघांना त्यातून वेगवेगळी बातमी मिळत होती.

मधल्या काळात नक्की काय बदललं, हे शोधायला लागलो आणि सव्वाशे वर्षं मागे गेलो. वाटेत माझ्याच एका चुकीशी गाठ पडली. ती मी चार महिने टाळत होतो.

*

मुळात गाडीला पंखा लागतो कशाला?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो. साधारण तितकाच धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत उतरते. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूंचं तापमान २००० अंशांच्या आसपास जातं आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांना वितळतं. म्हणजे ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर इंजिन स्वतःलाच जाळून घेईल.

पहिल्या मोटारीकडे यावरचा उपाय अगदी चुलीवरच्या पातेल्यासारखा होता. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्या एका सिलिंडरभोवती पाणी होतं. ते उकळायचं, वाफ हवेत जायची, वाफेबरोबर उष्णताही जायची. पाणी संपलं की पुन्हा भरायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. या प्रवासाची गोष्ट सांगताना व्हीस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून तिने इंधन घेतल्याचं सगळे सांगतात. पण इंधनापेक्षा कितीतरी जास्त वेळा तिला थांबावं लागलं ते पाण्यासाठी.

वाफ उडवून देण्याऐवजी तेच पाणी गार करून पुन्हा वापरायचं, ही पुढची पायरी. त्यासाठी रेडिएटर आला. त्याचं जे रूप आपण आजही ओळखतो ते विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये आणलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा हा रेडिएटर ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा होता. प्रत्येक नळी सहा मिलिमीटर रुंद. नळ्यांतून हवा जायची आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की पाण्याची गरज जवळपास निम्मी होऊन ९ लिटरवर आली.

आणि या रेडिएटरच्या मागे मायबाखने एक छोटा पंखा बसवला. वेगात असताना समोरून वारा लागतोच, पंख्याची गरज नाही. गाडी हळू चालताना मात्र वारा नसतो, तेव्हा हा पंखा हवा ओढेल, इतका साधा विचार. आपली गोष्ट इथून सुरू होते.

*

पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक गाड्यांत हा पंखा इंजिनालाच बांधलेला राहिला. क्रँकशाफ्टवर एक पुली, पंख्यावर दुसरी, मध्ये पट्टा. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये सुरुवातीच्या गाड्यांनंतर पाण्याचा पंपही काढून टाकला होता. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली उतरतं, एवढ्यावर तिथलं पाणी फिरायचं. पंख्याचा पट्टा मात्र होता.

या रचनेत एक उपजत खोट आहे. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका पंखा जोरात फिरतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळते, वारा फुकट मिळतो, तेव्हा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत इंजिनाची ताकद खातो. ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर गाडी अडकते, वारा शून्य, इंजिन मंद, तेव्हा पंखाही मंद. जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हाच तो सुस्तावतो.

हे मी पुस्तकात वाचलं आणि लहानपणीची एक गोष्ट उलगडली. एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्याच्या घाटात सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं. बाबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुळातली फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. सुट्टीत कधीतरी ते मला पुढच्या सीटवर बसवून न्यायचे. घाटात ट्रकांच्या मागे गाडी अडकली की बाबा न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर दाबत राहायचे. मला वाटायचं, ते चिडलेत. गाडी जागेवर उभी, आणि हे उगाच रेस देतायत.

परवा त्यांना विचारलं तर म्हणाले, "चिडतो कशाला? रेस दिली की पंखा पळतो. पंखा पळाला की काटा खाली येतो."

म्हणजे ते उजव्या पायानं पंखा चालवत होते. तापमानाचा काटा बघायचा, रेडिएटरच्या झाकणाची सुसू ऐकायची आणि पायानं हवा घालायची. सेन्सर, कंट्रोलर आणि स्विच, तिन्ही कामं ड्रायव्हरच करत होता.

तरीही गाड्या तापायच्या. वर शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायला थांबायचं आणि त्या निमित्तानं इंजिनालाही दम घेऊ द्यायचा. डिकीत पाण्याचा कॅन कायम. गाडी उकळली तर झाकणाला हात लावायचा नाही, कारण आत कुकरसारखा दाब असतो आणि घाई केली तर उकळत्या पाण्याचं कारंजं तोंडावर येतं. वाट बघायची, मग ओलं फडकं टाकून झाकण अर्धं फिरवायचं, आणि पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतायचं, नाहीतर तापलेल्या हेडला तडा जाईल. हे सगळं बाबा अजूनही झोपेत सांगू शकतील. त्या जगात पंखा थांबायचा तो एकाच कारणानं: पट्टा तुटला म्हणून. मग पुढच्या काही किलोमीटरमध्ये हेडचं गॅस्केट गेलंच म्हणून समजा.

मुंबईच्या रस्त्यावरच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून बाद झाल्या. बाबांच्या कानांची वयोमर्यादा मात्र संपलेली नव्हती.

*

पंखा थांबायला शिकला तो वेगळ्याच कारणानं. इंजिन आडवं झालं म्हणून.

लहान गाडीत माणसांना जास्त जागा मिळावी, यासाठी इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवायची कल्पना १९५९ च्या मिनीनं गाजवली. पण पुलीचं तोंड आता बाजूला वळलं आणि पुढून येणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात गेलं. मिनीत ॲलेक इसिगोनिसने रेडिएटरच इंजिनाच्या शेजारी, चाकाच्या बाजूला नेऊन ठेवला. फियाटच्या दान्ते जाकोसाने १९६९ च्या फियाट १२८ मध्ये दुसरा रस्ता घेतला. रेडिएटर पुढेच ठेवला आणि पंख्याला स्वतःची विजेची मोटर दिली. मोटरला पट्टा लागत नाही, स्विच लागतो. आणि स्विच आला की प्रश्न आला: तो दाबायचा कुणी?

उत्तर होतं, पाण्यानं. रेडिएटरमध्ये एक तापमान-स्विच. पाणी ठरावीक अंशांवर गेलं की आतला धातू वाकतो, संपर्क जुळतो, पंखा सुरू. पाणी गार झालं की पंखा बंद. पाणी इंजिनातून रेडिएटरकडे कधी सोडायचं हे ठरवणारा थर्मोस्टॅट त्याआधीच आला होता. त्याच्या पोटात मेण असतं. ८०-९० अंशांच्या दरम्यान ते वितळतं, फुगतं आणि झडप उघडतं. इंजिन जास्त गार राहणंही वाईट असतं: तेल घट्ट राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, एव्हरेज पडतं. म्हणून नव्या गाडीचं ध्येय "शक्य तितकं गार" असं राहिलं नाही. ते झालं "नेमकं इतकंच गरम".

भारतात हे घराघरांत पोचलं मारुती ८०० बरोबर. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हातात पडली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, आणि विजेचा पंखा. अँबॅसडर आणि पद्मिनीवर हात बसलेल्या मेकॅनिकांना हा पंखा संशयास्पद वाटला असणार. आधी फिरत नाही, मग अचानक फिरतो, कधी गाडी बंद केल्यावरही फिरत राहतो.

या संशयातून आपल्याकडे दोन उपाय रूढ झाले. ते आजही कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. एक: "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे एवढी उष्णता, त्याची गरज काय?" दोन: "पंखा डायरेक्ट करून देतो." म्हणजे मधलं सगळं डोकं बाजूला ठेवायचं आणि पंखा थेट किल्लीला जोडायचा. किल्ली चालू, पंखा चालू. थोडक्यात, विजेच्या पंख्याला पुन्हा पट्ट्याचा पंखा करून टाकायचं.

आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं त्या रविवारी फोनवर तेच सुचवलं. वर म्हणाला, "काकांना विचारा, ते हो म्हणतील."

काका हो म्हणालेच.

*

मी नाही म्हणालो. सॉफ्टवेअरवाल्याला रविवारी काही उघडून बसायला कारण हवंच असतं. शिवाय गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागलेला होता. तोही पंधरा दिवस.

न थांबणाऱ्या पंख्याचा माग काढण्याची पद्धत साधी आहे: साखळीची एकेक कडी तपासायची. पहिलं म्हणजे हा बिघाड आहे का हेच बघायचं. एसी चालू असेल तर पंखा चालणं स्वाभाविक आहे. तापलेली गाडी बंद केल्यावर तो काही मिनिटं फिरला तरी हरकत नाही. आमचा एसी बंद होता, इंजिन गार होतं. म्हणजे बिघाड होता.

दुसरी कडी रिले. पंख्याच्या मोटरला खूप करंट लागतो, तो छोट्या स्विचमधून जाऊ शकत नाही. म्हणून रिले: कमी करंटनं चालणारं एक चुंबक जास्त करंटचा रस्ता उघडतं. कधीकधी रिलेचे आतले संपर्क ठिणग्यांनी चिकटून जातात आणि पंखा कायमचा चालू राहतो. फ्यूजच्या डब्यातून पंख्याचा रिले उपटला. पंखा थांबला. म्हणजे करंट रिलेतूनच येत होता, बाहेर कुठे शॉर्ट नव्हता. मग हॉर्नचा तसलाच, चांगला चालणारा रिले त्या जागी लावला. टक् आवाज झाला आणि पंखा पुन्हा सुरू. रिले निर्दोष. कुणीतरी त्याला "चालव" असा हुकूम देत होतं.

हुकूम देणारा म्हणजे ईसीयू, इंजिनाचा संगणक. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीपासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं आणि हा डबा छोट्या गाड्यांतही आला. पंखाही त्याच्याच ताब्यात गेला. त्याच्याशी बोलायला स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, ओबीडी. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल त्यात खोचला आणि मोबाइलवर ॲप उघडलं.

कोड होता पी०११८. कूलंट तापमान सेन्सर, सर्किट हाय. खाली चालू वाचन: कूलंटचं तापमान उणे ४० अंश सेल्सिअस.

जुलैमध्ये. पुण्यात.

*

हा आकडा कुठून येतो ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यात आहे.

१८३३ साली मायकेल फॅरेडेच्या लक्षात आलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते, धातूंच्या बरोबर उलट. गाडीतला तापमान सेन्सर याच गुणावर चालतो. गार असताना त्याचा विद्युतरोध जास्त, साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम. १०० अंशांच्या आसपास तो दोनशेच्या खाली येतो. ईसीयू पाच व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून सेन्सरला देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट राहिले यावरून तापमान काढतो. जास्त रोध म्हणजे जास्त व्होल्ट, म्हणजे गार.

आता वायर तुटली तर? रोध अनंत. व्होल्ट पूर्ण पाच. आणि गणित म्हणतं: अतिशय, अशक्यप्राय गार. तक्त्याचं शेवटचं टोक. उणे ४०.

इथे जरा थांबून बघा. ईसीयूनं हा आकडा खरा मानला असता तर त्यानं काय केलं असतं? उणे ४० अंशांवर पंखा कशाला लागेल? त्यानं पंखा बंद ठेवला असता. पाणी उकळलं असतं, हेड वाकलं असतं, आणि डब्यातला आकडा शेवटपर्यंत शांतपणे सांगत राहिला असता की सगळं गारेगार आहे.

पण कुठल्यातरी इंजिनिअरनं हा प्रश्न आधीच विचारला होता. वायर तुटली तर काय? त्यानं लिहून ठेवलं: वाचन अशक्य वाटलं तर ते मानू नकोस. तापमान माहीत नाही असं समज. आणि तापमान माहीत नसेल तर इंजिन तापलं आहे असं गृहीत धर. पंखा चालू कर, दिवा लाव.

आमचा पंखा बिघडलेला नव्हताच. तो ज्या दिवसासाठी लिहून ठेवला होता, तो दिवस आला होता.

*

आणि आता माझी चूक.

मी ज्या कंपनीत काम करतो ती शीतगृहांसाठी तापमानावर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवते. खोलीत सेन्सर, तो दर मिनिटाला आकडा पाठवतो, मालकाला मोबाइलवर दिसतो. सुरुवातीला तक्रार यायची की खोटे अलार्म फार वाजतात. नेटवर्क दोन मिनिटं गेलं तरी फोन किंचाळतो. ते कमी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक ओळ लिहिली: नवीन वाचन आलं नाही तर शेवटचं चांगलं वाचन दाखवत राहा. अलार्म कमी झाले. ग्राहक खूश. मला शाबासकीही मिळाली.

मार्चमध्ये नारायणगावजवळच्या एका शीतगृहात शनिवारी रात्री एक बोर्ड ट्रिप झाला. कॉम्प्रेसरची वीज त्याच बोर्डावर आणि आमच्या सेन्सरच्या डब्याचीही. दोन्ही एकदम बंद. माझ्या ओळीनं आपलं काम चोख केलं. रविवारचा पूर्ण दिवस आणि रविवारची रात्र स्क्रीनवर ०.८ अंश दिसत राहिलं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून कुणी दार उघडलं नाही. उघडायचं कारणच नव्हतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आत उकाडा होता, द्राक्षांच्या घडांवर पाणी सुटलं होतं, देठ तपकिरी पडायला लागले होते. निर्यातीचा माल होता. तो निर्यातीला गेला नाही.

बागायतदारांशी बोलायला मला बसवलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पण स्क्रीनवर तर थंड दिसत होतं हो."

कंपनीनं काही भरपाई दिली. आमच्या अहवालात या प्रकाराला "दुर्मीळ परिस्थिती" असं नाव पडलं. मीच ते टाइप केलं. चार महिने मीही तेच मानत होतो.

बॉनेटपाशी उभा राहून उणे ४० कडे बघताना ते मानणं जमेना. माझ्यासमोर अगदी तीच परिस्थिती होती: सेन्सर गप्प. ती दुर्मीळ वगैरे नव्हती. वायरी तुटतातच. फरक एवढाच होता की कुणा अनोळखी माणसानं "माहीत नाही" याचा अर्थ "धोका आहे" असा लावला होता आणि मी "सगळं ठीक आहे" असा.

*

हा विचार मोटारीपेक्षा जुना आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा इंजिनातून दाबाची हवा पाठवली की ब्रेक लागायचे. गाडी मधेच तुटली तर मागच्या डब्यांना हवा मिळणार नाही, म्हणजे ब्रेकच नाहीत. काही वर्षांतच त्यानं सगळं उलटं केलं. नळीत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतील. दाब गेला, कुठल्याही कारणानं गेला, नळी फुटली, डबे सुटले, तर ब्रेक आपोआप लागतील. ब्रेक लावायला परवानगी लागत नाही, सोडायला लागते.

आणि बाबा ज्या घाटात पायानं पंखा चालवत होते, त्याच बोरघाटात रस्त्याच्या जवळून हाच विचार रुळांवर मांडलेला आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या लोहमार्गावर उतारावरच्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रुळांचा एक तुकडा. सांधे मुळात या तुकड्याकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबते, म्हणजे ब्रेक काम करतायत हे सिद्ध करते, मगच सांधे मुख्य मार्गाला जोडले जातात. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाते आणि तिथे तिचा वेग मरतो. ड्रायव्हर काही बोलू शकला नाही तर तो संकटात आहे, असं घाट गृहीत धरतो. पुण्याहून मुंबईला रेल्वेनं जाताना गाडी मंकी हिलजवळ उगाच थांबते असं मला कायम वाटायचं. बाबांच्या रेस देण्याइतकंच "उगाच".

*

उरलेलं काम तासाभराचं होतं. सेन्सरचा कपलर काढला आणि मल्टिमीटर लावला: दोन हजार ओहमच्या थोडं वर. त्या हवेत असायला हवं तेवढंच. म्हणजे नवा सेन्सर आणून बसवला असता तर पैसे जाऊन पंखा चालूच राहिला असता. मग कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या. वायर धड असती तर रोध शून्य झाल्यामुळे ॲपवर तापमान एकदम वरच्या टोकाला गेलं असतं. ते उणे ४० वरच राहिलं. म्हणजे वायर मध्येच कुठेतरी तुटली होती.

वायरचा माग काढत बॅटरीच्या ट्रेखाली पोचलो. तिथे वाळकी पानं, प्लास्टिकचे कपटे आणि एक मऊ घरटं. पावसाळ्यात उभी गाडी म्हणजे उंदरांचं कोरडं घर. दोनपैकी एक वायर साफ कुरतडलेली होती. ती सोलून जोडली, डाग दिला, वर आवरण चढवलं, कोड पुसला आणि किल्ली फिरवली.

शांतता. ॲपवर २६ अंश.

बाबा छत्री घेऊन खाली आले होते. इंजिन सुरू केलं. दोघंही बॉनेटपाशी उभे. ६०. ७५. ८८. पंखा गप्प. बाबांचा चेहरा मी बघत होतो. त्यांचा एक हात आपोआप रेडिएटरच्या दिशेनं गेला आणि मी तो धरला, कारण हा पंखा न विचारता सुरू होतो. ९३. ९५.

"लागत नाहीये," बाबा म्हणाले. आवाजात घाटातली काळजी होती.

९७ ला टक् झालं आणि पंखा सुरू झाला. आकडा ९२ वर उतरला आणि पंखा थांबला. बाबांनी आणखी दोन फेऱ्या होऊ दिल्या, मगच वर आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती ओळ काढली. आता वाचन आलं नाही की स्क्रीन लाल होते, "तापमान माहीत नाही" असं लिहून येतं आणि फोन वाजतो. नेटवर्क क्षणभर गेलं तर लगेच नाही, दहा मिनिटं वाट बघून. पण मग वाजतोच. अलार्म वाढले, तक्रारीही वाढल्या. परवा रात्री दोन वाजता नारायणगावच्या त्याच बागायतदारांना उठून जावं लागलं. कुणाचातरी धक्का लागून केबल निघाली होती, खोली व्यवस्थित थंड होती. सकाळी त्यांनी फोन करून झोपमोड झाल्याचं दोनदा ऐकवलं. मी दोन्ही वेळा माफी मागितली.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्या अनोळखी इंजिनिअरनं सगळं बरोबर केलं होतं. पंखा चालवला, दिवा लावला, पंधरा दिवस ओरडत राहिला. आणि आमच्या घरात तो आवाज ऐकून एक माणूस निर्धास्त झाला होता. धोक्याची सूचना देणाऱ्याला समोरच्याच्या कानात कोणता घाट साठलेला आहे, हे कसं कळणार?

बाबांनी आपल्यापुरता तोडगा काढलाय. हल्ली गाडीत बसल्यावर किल्ली फिरवून ते क्षणभर थांबतात, कान देतात. काहीच ऐकू आलं नाही की मान हलवतात आणि मग सेल्फ मारतात.